हिरव्या टिकलीची कादंबरी

“यात कोणी मरते का?”

एकोणतीस वर्षं मी वाचनालयाच्या टेबलामागे बसले, आणि सगळ्यात जास्त वेळा मला हाच प्रश्न विचारला गेला. लेखक कोण, पुरस्कार कोणता, पानं किती, हे सगळं नंतर. आमच्याकडच्या बाया पुस्तक हातात घेतात, उलटं करतात, मागचा मजकूर वाचल्यासारखं करतात आणि मग टेबलावर जरा वाकून हळूच विचारतात. पुरुष विचारत नाहीत. ते पुस्तक घरी नेतात, मध्येच कोणी मेलं की परत आणून देतात आणि भाषा जड आहे म्हणतात.

आमचं वाचनालय मानोरा तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावात आहे. दोन खोल्या. समोरच्या खोलीत वर्तमानपत्रं आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं, आतल्या खोलीत कपाटं. ग्रंथपाल म्हणजे तारखेचा शिक्का मारणारी बाई, असं गावाला वाटायचं. शिक्का कोणीही मारू शकतं. समोर उभ्या असलेल्या माणसाला आज कोणती कादंबरी झेपेल हे ओळखणं, हे खरं काम. त्याचं प्रशिक्षण कुठे मिळत नाही आणि त्याचा रकाना कुठल्या नोंदवहीत नसतो.

मी कधी ‘तुम्हाला कोणतं पुस्तक आवडतं’ असं विचारलं नाही. त्याचं उत्तर लोक खोटं देतात. शाळेच्या पुस्तकात धडा होता त्या लेखकाचं नाव सांगून मोकळे होतात. मी विचारायची, अर्ध्यात सोडलेलं शेवटचं पुस्तक कोणतं, आणि कुठे सोडलं? याचं उत्तर माणूस खरं देतो, कारण त्यात त्याला राग असतो. एका पोलीस पाटलाच्या बायकोने सांगितलं, सासू आली तिथं सोडलं. तिला मी दोन वर्षं बिनसासूच्या कादंबऱ्या शोधून दिल्या. मराठीत त्या शोधणं किती कठीण आहे, ते मला विचारा. एक निवृत्त मुख्याध्यापक होते. ते पुस्तक परत करताना शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने ‘ठीक’, ‘बकवास’ किंवा ‘लेखकाने शेती केलेली नाही’ असा निकाल लिहायचे. मी खोडून टाकायची. पण खोडण्याआधी वाचायची, आणि बहुतेक वेळा मला तो निकाल पटायचा.

आजच्या कादंबऱ्या कोणी वाचत नाही, अशी ओरड मी अनेक साहित्यसंमेलनांच्या बातम्यांत वाचली. ती ओरड करणाऱ्यांनी माझ्या टेबलाशी एक बाजाराचा दिवस बसायला हवं होतं. तालुक्याच्या गावात ब्युटी पार्लर काढणाऱ्या दोन जावांची एक कादंबरी होती. तिच्यासाठी आमच्याकडे नंबर लागायचे. ती शेवटी इतकी फाटली की पानांना चिकटपट्टीशिवाय काही उरलं नाही. लोकांना आपल्या काळातलं हवं असतं. मोबाइल असलेलं, एसटी चुकलेली, मुलीच्या बापाने मुलाची नोकरी विचारलेली. फक्त त्यांना वाचून झाल्यावर जेवण गोड लागलं पाहिजे.

अडचण खरेदीत होती. आमच्या समितीचे अध्यक्ष सज्जन माणूस, पण ते पुरस्काराची यादी पाहून पुस्तकं मागवायचे. पुरस्कार मिळालेल्या कादंबऱ्यांत माणसं फार मरतात. कपाटंच्या कपाटं दुःखाने भरलेली आणि बाया विचारताहेत, यात कोणी मरते का. म्हणून मी टिकल्या सुरू केल्या. बाजारात बांगड्यांच्या दुकानातून माझ्यासाठी टिकल्यांची पाकिटं आणायची, त्यातलीच दोन वेगळी काढली. पुस्तकाच्या शेवटी जिथे तारखेची चिठ्ठी डकवलेली असते, तिच्या वर एक टिकली. हिरवी म्हणजे निर्धास्त न्या, हसाल. मरून रंगाची म्हणजे कोणीतरी जातं, विचार करून न्या. महिन्याभरात बायांनी मला विचारणं बंद केलं. त्या कपाटाशी उभ्या राहून मागचं पान उघडायच्या, टिकली पाहायच्या आणि पुस्तक काखेत मारायच्या. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, हे काय? मी सांगितलं, वर्गीकरण. ते हसले आणि पुढे गेले. मला त्या टिकल्यांचा फार अभिमान होता.

आता जे लिहिते आहे ते नोकरीत असताना कोणाला सांगितलं नाही. टिकली लावायची तर पुस्तक वाचायला हवं, आणि सगळी पुस्तकं वाचणं मला शक्य नव्हतं. नवी खरेदी वर्षअखेरीला एकदम येते. गठ्ठे फोडायचे, प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक द्यायचा, शिक्के मारायचे, नोंदवहीत चढवायचं, आणि हे सगळं तपासणीच्या आधी. घरी नवऱ्याचं दुखणं होतं. तेव्हा मी एक युक्ती काढली होती. पहिली तीस पानं वाचायची आणि शेवटची दहा. सुरुवात हसरी आणि शेवट गोड, की हिरवी टिकली. कित्येक वर्षं ही युक्ती उघडी पडली नाही, आणि मग मलाही ती युक्ती आहे हे आठवेनासं झालं.

पंचफुलाबाई इंझोरीच्या अलीकडच्या एका वस्तीतल्या. सातवीपर्यंत शाळा झालेली. बाजाराच्या दिवशी भाजी घ्यायच्या आधी वाचनालयात यायच्या, म्हणजे हाताला मातीचा वास नसतो म्हणायच्या. वाचणारी बाई होती. पुस्तकाबद्दल बोलायची नाही, पण दुसरं मागताना “तसंच, पण त्याच्याहून लांब” एवढंच म्हणायची, आणि मला समजायचं. तिचा नवरा देवराव बाहेर सायकलजवळ उभा असायचा. मुलगा एकच, प्रशिक. एकवीस वर्षांचा. वायरमनचा आयटीआय केलेला.

तो पोरगा शेतातल्या मोटरीच्या पेटीला विजेचा झटका बसून चिकटला आणि गेला. वायरमन शिकलेला असून असं कसं झालं, हे गावात फार बोललं गेलं. मी भेटायला गेले तेव्हा पंचफुलाबाई भिंतीशी बसली होती. कोणी पाणी पाजत होतं, कोणी पदर सारखा करत होतं. ती मला ओळखल्यासारखी वाटली नाही.

चार महिन्यांनी देवराव वाचनालयात आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आत आले. त्यांच्या हातात बायकोचं वाचक कार्ड होतं. ती काही बोलत नाही, खात नाही, तोंडाला घास लावला तर तसाच धरून बसते, असं त्यांनी मला उभ्या-उभ्या सांगितलं. डॉक्टरच्या गोळ्यांनी ती फक्त झोपते. लेकीसारखी एक पुतणी आहे, ती म्हणाली की काकूला पुस्तक देऊन पाहा.

“हसायचं द्या मॅडम काही,” ते म्हणाले. “फक्त त्याच्यात कोनी मेलं नाई पायजे.”

मी हिरव्या टिकलीची एक कादंबरी दिली. पुढच्या बाजारी ते पुस्तक परत घेऊन आले आणि म्हणाले, वाचलं तिनं. वाचता-वाचता अर्धी भाकर खाल्ली. मला इतका आनंद झाला की मी त्यांना खुर्ची दिली. तेव्हापासून दर बाजाराला देवराव यायचे, मी हिरवी टिकली काढून ठेवलेली असायची. कधी एक भाकर, कधी दीड. एकदा म्हणाले, पान उलटताना तिच्या तोंडावर हसू आलं होतं असं वाटलं, पण नक्की सांगता येणार नाही. वाचनाचं महत्त्व वगैरे भाषणं मी पुष्कळ ऐकली होती. इथे माझ्या कपाटातल्या पुस्तकांवर एक बाई जेवत होती. मी घरी नवऱ्याला सांगायची, शेजारणीला सांगायची. थोडी फुशारकीच होती ती, आज कबूल करते.

पण हिरवी टिकली संपत आली. आमच्याकडे दुःखाचाच साठा जास्त, हे वर सांगितलंच आहे. मार्चमध्ये नवे गठ्ठे आले. त्यात एक कादंबरी होती, आपल्याकडच्याच एका शेतकरी कुटुंबाची. नव्या पद्धतीचं लेखन, बोली भाषेतले संवाद. पहिल्या तीस पानांत मी दोनदा मोठ्याने हसले. शेवटची दहा पानं वाचली. सगळं घर एकत्र जेवायला बसलं होतं. मी हिरवी टिकली लावली, आणि दाखल क्रमांकाची शाई वाळायच्या आत ती कादंबरी देवरावांच्या पिशवीत टाकली. पंचफुलाबाईला भाषा आपली वाटेल, असंही मी त्यांना म्हणाले.

पुढच्या बाजारी देवराव आले नाहीत. त्याच्या पुढच्या बाजारीही नाही. मला वाटलं, पुस्तक लांब आहे. तिसऱ्या बाजारी आले ते रिकाम्या हाताने. खुर्ची पुढे केली तर बसले नाहीत.

“मॅडम, तुमी ते पुस्तक वाचलं होतं का?”

मी हो म्हणाले. खोटं बोलायचं असं ठरवलं नव्हतं. टेबलामागे इतकी वर्षं बसल्यावर ‘हो’ आपोआप निघतं.

“मंग एकशे नव्वदाव्या पानावर काय हाय, सांगा.”

मी टेबलावरची नोंदवही उगाच सरळ केली. समोरच्या खोलीतल्या मुलांनी वर पाहिलं. देवरावांनी आवाज चढवला नाही, उलट खाली आणला. ते म्हणाले, बाई पुन्हा जेवत नाही. पुस्तक उशाखाली घेऊन निजते. काढून घेतलं तर हात धरते. दिवसभर एकच पान उघडून बसते. त्या पानावर काय आहे ते मी तोंडाने सांगणार नाही. एवढं बोलून त्यांनी बायकोचं वाचक कार्ड टेबलावर ठेवलं आणि ते निघून गेले.

पुस्तकाची एकच प्रत होती, ती त्यांच्या घरी. मधल्या पानांत काय आहे हे सांगणारं दुसरं कोणी नव्हतं. दोन दिवस मी कपाटासमोर उभी राहून हिरव्या टिकल्यांची पुस्तकं काढत होते आणि कोणतं मी खरंच पूर्ण वाचलं आहे ते आठवत होते. अर्ध्याहून कमी निघाली. मग ठरवलं, जायचं, माफी मागायची आणि पुस्तक परत आणायचं.

पोहरादेवीच्या यात्रेचे दिवस होते. सगळे ऑटो तिकडे लागलेले. इंझोरी फाट्यापर्यंत एक मिळाला, तिथून उन्हात चालत गेले. देवराव अंगणात वखराचं पातं घासत बसले होते. मला पाहून उठले, आत पाणी द्यायला सांगितलं. राग असो, पण घरी आलेल्या माणसाला पाणी विचारायचं चुकवलं नाही.

पंचफुलाबाई आतल्या खोलीत बाजेवर बसली होती. खूप वाळली होती. पुस्तक मांडीवर होतं. मी तिच्यासमोर खाली बसले आणि जे घोकून आले होते ते विसरून सरळ सांगितलं, की बाई, मी हे वाचलं नव्हतं. न वाचता टिकली लावली. माझी चूक झाली, मला माफ करा आणि हे पुस्तक मला परत द्या.

तिने पुस्तक मांडीवर आणखी जवळ ओढलं. मग बोलली. आठ महिन्यांत घरच्यांशी बोलली नसेल इतकं बोलली.

“बरं झालं वाचलं नोतं. वाचलं असतं त मले देलं नसतं.” तिने पुस्तकावर हात ठेवला. “यातली माय तीन पानं रडते मॅडम. कोनी तिले चूप कर म्हनत नाई. मले पहिल्याच घंट्यात पानी पाजलं न चूप कर म्हनलं. मंग तुमी हसायची पुस्तकं देल्ली.”

मी तिला औषध देत होते असं समजत होते, आणि मीही तिला चूप कर म्हणणाऱ्यांतलीच एक होते. हे कळलं तेव्हा फार लाज वाटली. अजून वाटते.

ती म्हणाली, हे पान यांना, म्हणजे देवरावांना, ऐकवायचं आहे. मी वाचायला लागले की हे उठून जातात, ढोराला पाणी पाजायचं आहे म्हणतात. या घरात प्रशिकचं नाव कोणी घेत नाही. तुम्ही पाहुण्या आहात, तुमच्यासमोरून उठून जाणार नाहीत. तुम्ही वाचा.

तिने देवरावांना हाक मारली. ते दारात आले. मी त्यांना बसायला सांगितलं, आणि ते चौकटीला टेकून बसले. आमच्या भागात घरी आलेल्या बाईच्या शब्दाला मान देतात, त्या मानापायी ते बसले. नाही तर बसले नसते.

“नाव आमचं घ्या,” पंचफुलाबाई म्हणाली. “गजू लिवलं हाय तिथं प्रशिक म्हना.”

मी एकशे नव्वदावं पान उघडलं. पानाची कड मऊ झाली होती. मी स्वतः ते तेव्हाच पहिल्यांदा वाचत होते. त्या हसऱ्या कुटुंबातला धाकटा मुलगा सकाळी शेतात जातो. रात्रभर विजेची लाईन नसते. पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, पाणी द्यायचं असतं. पेटीच्या आसपास ओल असते. लेखकाने घाई केली नव्हती. प्रत्येक गोष्ट लिहिली होती. पेटीचं झाकण कोणत्या रंगाचं, बांधावर कोणतं झाड, आईने डब्यात काय दिलेलं. मी गजूच्या जागी प्रशिक म्हणत गेले. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा देवरावांनी मान खाली घातली. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा त्यांचा हात चौकटीवर गेला, उठायला धरतात तसा. पण उठले नाहीत. पंचफुलाबाई ओठ हलवत होती. तिला ते पाठ झालं होतं.

मी वाचलं, “प्रशिकनं पायातली रबरी चप्पल चिखलात नीट रोवली आणि पेटीकडं हात नेला.”

“नोती,” देवराव म्हणाले.

मी थांबले.

“त्याच्या पायात चप्पल नोती.” ते जमिनीकडे पाहून बोलत होते. “माह्या चपलीचा अंगठा तुटला होता. म्या त्याची चप्पल घातली न वावराच्या धुऱ्यावर, बांधावर गेलो. जाताना त्याले सांगतलं, लाईन आली का मोटर चालू कर. तो म्हने, बाबा, खाली ओल हाय. म्या म्हनलं, वायरमन शिकला न ओलीले भेते का.”

बाहेर गोठ्यात गाय हालली, तिच्या गळ्यातली घंटी वाजली. मला वाटलं, आता ही बाई किंचाळेल. पुस्तक फेकेल. मी तिला धरायला हात पुढे केला होता.

“मले माईत हाय,” पंचफुलाबाई म्हणाली. “बोंब आइकून धावत आली तवाच पाह्यली. तुमच्या पायात.”

देवराव तोंडावर टॉवेल दाबून रडायला लागले. त्या घरात आठ महिन्यांत तो माणूस रडला नसावा, कारण रडायची रीतच त्यांना सापडत नव्हती. नुसता घशातून आवाज निघत होता. पंचफुलाबाई बाजेवरून उठली नाही. त्यांच्याजवळ गेली नाही, हात लावला नाही. पण चूप करा असंही म्हणाली नाही. ती तशीच बसून त्यांच्याकडे पाहत राहिली, त्यांचं होईस्तोवर.

मग माझ्याकडे वळून म्हणाली, “वाचा मॅडम पुढं.”

मी उरलेली पानं वाचली. त्या कादंबरीतली आई तीन पानं रडली, प्रशिकचं नाव घेऊन रडली, आणि पान संपलं. मी उलटलं. पुढचं प्रकरण सुरू होत होतं. त्यात थोरल्या मुलीला पाहायला पाहुणे आले होते, आणि पहिल्याच ओळीत विनोद होता. चांगला विनोद होता. एरवी मी हसले असते. दोघंही माझ्या तोंडाकडे पाहत होते आणि मला ती ओळ वाचता येईना.